फाईल कोणाकोणाला उघडी आहे?

साध्या मजकुराची एखादी फाईल घ्या आणि पीएचपीतले फाइलपर्म्स हे फंक्शन तिच्यावर चालवा. बहुतेक वेळा ३३१८८ हा आकडा हाती येतो. पायथॉनमध्ये ओएस.स्टॅट करून त्यातला एसटी_मोड छापला, तरी तोच. नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. त्याने टर्मिनलवर परवानगी दिलेली असते ६४४ आणि समोर येतात तेहतीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. हाच आकडा आठाच्या पायावर, म्हणजे ऑक्टलमध्ये मांडला की १००६४४ होतो आणि सगळे उलगडते. शेवटचे तीन अंक परवानग्यांचे: मालकाला वाचता-लिहिता येते, गटाला आणि इतरांना नुसते वाचता येते. त्यांच्या आधीचे शून्य सेट-यूजर-आयडी, सेट-ग्रुप-आयडी आणि स्टिकी या तीन खास बिटांचे. अगदी डावीकडचे १० सांगतात की ही साधी फाईल आहे. डिरेक्टरी असती तर ०४०७५५ किंवा तसलेच काही दिसले असते. फाईल कोणत्या प्रकारची, तिला काही खास वागणूक आहे का आणि कोणाला काय करता येईल, या तिन्ही गोष्टी सोळा बिटांच्या एका आकड्यात शेजारी शेजारी बसवलेल्या आहेत.

त्यातले शेवटचे नऊ बिट प्रोग्राममधून कसे वाचायचे आणि वाचून झाल्यावर त्यांच्यावर किती विसंबायचे, हा या पुस्तकाचा विषय. नऊ बिटांवर पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. वाचणे सोपे आहे, हे खरेच. कोणत्याही भाषेत एका ओळीचे काम. अवघड आहे ते वाचलेल्याचा अर्थ लावणे.

परवानग्या वाचणारी ओळ लिहिताना प्रोग्रामरच्या मनात दोनपैकी एक प्रश्न असतो. पहिला: मला ही फाईल उघडता येईल का? दुसरा: ही फाईल आणखी कोणाकोणाला उघडी आहे? दोन्हींसाठी आपण त्याच फंक्शनकडे जातो, म्हणून ते एकच वाटतात. माझे म्हणणे असे की पहिल्या प्रश्नासाठी परवानग्या वाचूच नयेत. फाईल सरळ उघडावी; नकार आला तर तो नीट हाताळावा. परवानग्या वाचायच्या त्या दुसऱ्या प्रश्नासाठी. स्टॅटने दिलेले उत्तर ही सातबाऱ्यावरची नोंद आहे. कोणाकोणाचा हक्क लागतो हे पाहायला उतारा आधी काढावाच लागतो, पण शेतात आज कोण उभा आहे हे तो सांगत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की प्रोग्राम कसे फसतात आणि ती टाळली की किती सुरेख कामे होतात, हे पुढच्या पानांत पुन्हा पुन्हा येईल.

हे बिट कुठून आले ते कळले की त्यांच्या मर्यादाही कळतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही व्यवस्था उभी केली आणि एका संगणकावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू लागली. आपली फाईल दुसऱ्याच्या हाती लागू नये, पण सोबत्याला हवी तेव्हा देता यावी, हा पेच तेव्हापासूनचा. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून हाती घेतलेल्या मल्टिक्समध्ये त्यावर ऐसपैस उत्तर निघाले: प्रत्येक फाईलला नावांची एक यादी जोडायची आणि कोणाला काय करता येईल ते त्या यादीत लिहायचे. १९६९ साली बेल लॅब्ज त्या प्रकल्पातून बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्स सुरू केले आणि त्यात सगळेच आटोपशीर ठेवले. यादी गेली, बिट आले.

किती बिट? युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे आणि त्यात स्टॅट हा कॉल आहे. त्यात परवानग्यांचे सहा बिट दिसतात. मालकाचे दोन, वाचण्याचा आणि लिहिण्याचा. मालक सोडून बाकीच्यांचे तसेच दोन. फाईल चालवता येते का याचा एक, तोही सगळ्यांना मिळून. आणि सहावा सेट-यूजर-आयडी. गट ही कल्पनाच त्या यादीत नाही. १९७४ साली रिची आणि थॉम्प्सन यांचा युनिक्सवरचा गाजलेला लेख आला, तोवर बिट सात झाले होते, कारण चालवण्याची परवानगी मालकाला आणि इतरांना वेगवेगळी देता येऊ लागली होती. त्याच लेखाची सुधारित आवृत्ती १९७८ साली बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये छापली गेली. तिच्यात सेट-यूजर-आयडी धरून दहा बिट आहेत. गट आला आहे. आज आपण वाचतो ते नऊ बिट इथे पूर्ण झाले. १९८८च्या पॉझिक्स मानकाने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले आणि तेव्हापासून त्यांच्यात बदल नाही. मोजक्या माणसांच्या एका प्रयोगशाळेची गरज भागवायला घडलेली रचना आज डेटा सेंटरांपासून खिशातल्या फोनपर्यंत सगळीकडे चालते आहे. तिच्याबद्दल मला आदर वाटतो, आणि म्हणूनच ती काय सांगू शकत नाही हेही स्पष्ट लिहावेसे वाटते.

त्या बिटांची तपासणी कशी होते, यात पहिलाच चकवा आहे. कर्नल आधी पाहतो: विचारणारा फाईलचा मालक आहे का? असेल, तर फक्त मालकाचे तीन बिट बघून निकाल. पुढचे सहा बघितलेच जात नाहीत. मालक नसेल तर गट. गटातलाही नसेल तरच इतर. तिन्हींची बेरीज होत नाही. त्यामुळे ०४४ अशी परवानगी असलेली फाईल सगळ्या जगाला वाचता येते आणि तिच्या मालकाला येत नाही. (त्याला ती परवानगी बदलता येते, ही गोष्ट निराळी.) 'वाचण्याचा एखादा तरी बिट लागलेला आहे ना, मग झाले' असा हिशेब करणारा कोड इथे चुकतो, आणि असा कोड बघायला फार लांब जावे लागत नाही.

डिरेक्टरीत याच बिटांचे अर्थ बदलतात. तिथे वाचण्याचा बिट म्हणजे आतली नावे पाहणे. चालवण्याचा बिट म्हणजे आत शिरून पुढे जाणे. फाईल काढून टाकायची तर फाईलवर लिहिण्याची परवानगी लागत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लागते. आणि फाईल ६४४ असली, पण तिच्या वरच्या सात डिरेक्टऱ्यांपैकी एक जरी ७०० असली, तरी बाहेरचा माणूस तिच्यापर्यंत पोचत नाही. एका फाईलचा आकडा एकटा वाचून 'ही सगळ्यांना उघडी आहे' म्हणणे म्हणूनच घाईचे होते. वाट वरपासून तपासावी लागते. लिनक्सवर नेमआय ही कमांड तेच करते, आणि तिचे काम आपण पुस्तकात स्वतः लिहून पाहिले आहे.

आता थोडे मागे सरकून सगळे क्षेत्र बघू. १९७१ साली बटलर लॅम्पसन यांनी संरक्षणाचा प्रश्न एका तक्त्यात मांडला. ओळींत माणसे किंवा प्रोग्राम, स्तंभांत फाईली आणि इतर वस्तू. प्रत्येक घरात कोणाला कशाचे काय करता येईल ते. प्रत्यक्षात एवढा मोठा तक्ता कोणी साठवत नाही. तो कसा कापायचा, यावरून पंथ पडले. स्तंभ कापून प्रत्येक फाईलजवळ ठेवला की ती अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजे एसीएल. मल्टिक्सची यादी तीच. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीचीही तीच. डेक कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या गटाने ती बांधली. ओळ कापून प्रत्येक प्रोग्रामच्या हाती दिली की ती केपेबिलिटी. जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ सालीच ही कल्पना मांडली होती आणि फ्रीबीएसडीतल्या कॅप्सिकमच्या रूपाने ती साध्या संगणकांवरही उतरली. युनिक्सचे नऊ बिट म्हणजे तीनच नोंदींवर छाटलेला स्तंभ.

तिसरा पंथ वेगळ्या चिंतेतून आला. फाईलच्या मालकानेच ती चुकून किंवा मुद्दाम उघडी टाकली तर? लष्करी गरजेतून १९७३च्या सुमारास डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाड्युला यांनी असे प्रारूप मांडले की ज्यात मालकाच्या मर्जीच्या वर व्यवस्थेचा नियम राहतो. अमेरिकेच्या एनएसएने २००० साली खुले केलेले एसईलिनक्स याच वळणाचे. त्याचा परिणाम आपल्या विषयावर थेट होतो: नऊही बिट 'हो' म्हणत असताना एसईलिनक्स 'नाही' म्हणू शकते, आणि स्टॅटला त्याचा पत्ताही नसतो. वेब सर्व्हरला फाईल का वाचता येत नाही म्हणून तासन्‌तास बिट तपासत बसलेली माणसे बहुधा इथेच अडकलेली असतात.

प्रोग्रामिंगच्या लायब्रऱ्यांतल्या फंक्शनांचेही असेच पंथ आहेत, आणि त्यांवर फारसे लिहिले गेलेले नाही. म्हणून पुस्तकाचा मोठा भाग त्यांना दिला आहे.

पहिला पंथ कच्चा आकडा हातात देतो. सी, पर्ल, पीएचपी, पायथॉन, नोड, सगळे इथले. तुम्ही त्यावर ०७७७चा मास्क लावा, हवे ते बिट काढा, छापायचे तर ऑक्टलमध्ये छापा. पायथॉनने ३.३ आवृत्तीपासून स्टॅट.फाइलमोड हे छोटे फंक्शन दिले, ते आकड्याची टर्मिनलवर दिसणारी आर-डब्ल्यू-एक्सची दहा अक्षरी ओळ करून देते. या पंथाचे बळ असे की काहीही लपत नाही. उणीव अशी की ६४४ हा आकडा दशमानातला की ऑक्टल, हे माणसाने लक्षात ठेवायचे. दशमानातला ६४४ ऑक्टलमध्ये १२०४ होतो. तो चुकून परवानगी म्हणून दिला तर मालकाला लिहिता येते, वाचता येत नाही. इतरांना वाचता येते. वर स्टिकी बिट. असली विचित्र परवानगी वाचताना दिसली की ती कोणत्या चुकीतून आली ते लगेच ओळखता यावे, एवढा सराव वाचकाला व्हावा अशी माझी इच्छा आहे.

दुसरा पंथ आकडा दाखवतच नाही. नावे असलेल्या परवानग्यांचा संच देतो. २०११च्या जावा ७मधले गेटपॉझिक्सफाइलपरमिशन्स हे त्याचे चांगले उदाहरण. मालक-वाचन, गट-लेखन अशी नऊ नावे, त्यातली जी लागू असतील तेवढीच संचात. ऑक्टलची चूक होण्याची शक्यताच संपते. शिवाय विंडोजवर हे फंक्शन खोटे उत्तर बनवत नाही. 'ही सोय इथे नाही' असे सांगून अपवाद फेकते. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. पायथॉन विंडोजवर उत्तर देते, पण ते रचलेले असते: चालवण्याचा बिट फाईलच्या नावामागच्या एक्सटेन्शनवरून ठरतो आणि लिहिण्याचा 'रीड-ओन्ली' या जुन्या खुणेवरून. खरी परवानगी तिथल्या एसीएलमध्ये असते आणि तिला या बिटांत जागाच नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने २०२२ साली सातव्या आवृत्तीत युनिक्सच्या परवानग्या वाचायचे वेगळे फंक्शन दिले, तेही विंडोजवर चालत नाही असे स्पष्ट सांगून. गो भाषेची वाट मधली आहे. तिचा फाइलमोड आकडाच आहे, पण वरच्या बिटांची मांडणी तिने स्वतःची केली आहे. खालचे नऊ तेवढे जुन्या ओळखीचे.

तिसरा पंथ प्रश्नाचे उत्तर देतो. सीमधला अ‍ॅक्सेस, पीएचपीतला इज_रीडेबल, जावातला कॅनरीड, पर्लमधली उणे-आर ही खूण. 'वाचता येईल का?' असे विचारा, हो किंवा नाही मिळते. सगळ्यात सोयीची फंक्शने हीच आणि सगळ्यात जास्त फसवणारीही हीच. त्यांच्याजवळ जरा थांबायला हवे.

अ‍ॅक्सेस हा कॉल मुळात एका नेमक्या कामासाठी आहे. सेट-यूजर-आयडी बिट ही रिचींची कल्पना. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३चा आणि मंजुरी १९७९ची. असा बिट असलेला प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर मालकाच्या अधिकाराने चालतो. साध्या माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो यामुळेच. पण मग त्या प्रोग्रामला दोन ओळखी असतात: खरी, म्हणजे चालवणाऱ्याची, आणि प्रभावी, म्हणजे ज्याचे अधिकार उसने घेतले त्याची. फाईल उघडताना कर्नल प्रभावी ओळख पाहतो. अ‍ॅक्सेस खरी ओळख पाहतो, म्हणजे 'मला चालवणाऱ्या माणसाला ही फाईल एरवी वाचता आली असती का?' एवढेच तो सांगतो. पीएचपीचे इज_रीडेबलही खऱ्या ओळखीनेच तपासते. पर्लने उणे-आर आणि उणे-मोठा-आर अशा दोन खुणा ठेवल्या, लहान प्रभावी ओळखीसाठी आणि मोठी खऱ्या ओळखीसाठी.

आता खरा धोका. रूटच्या अधिकाराने चालणारा एक प्रोग्राम समजा. तो चालवणाऱ्याने दिलेली फाईल आधी अ‍ॅक्सेसने तपासतो, होकार मिळाला की उघडून तिच्यात लिहितो. तपासणे आणि उघडणे हे दोन वेगळे कॉल आहेत आणि त्यांच्यामध्ये थोडासा का होईना वेळ जातो. तेवढ्या वेळात हल्लेखोर आपली फाईल काढून त्याच नावाची सिमलिंक ठेवतो, जी पासवर्डांच्या फाईलकडे नेते. तपासणी झाली एका फाईलची, लिहिले गेले दुसरीत. पहिल्याच फटक्यात जमले नाही तर तो हजार वेळा प्रयत्न करतो. त्याला घाई नसते. मॅट बिशप आणि मायकेल डिल्गर यांनी १९९६ साली सी प्रोग्रामांतून असल्या जागा शोधायची पद्धत मांडली, पण हा दोष अजून संपलेला नाही. जावाचे दस्तावेज इज-रीडेबलबद्दल सांगतात की उत्तर मिळताक्षणीच शिळे झालेले असते. नोडचे दस्तावेज आधी अ‍ॅक्सेस आणि मग ओपन असे करू नका म्हणतात. पीएचपी तर एकदा विचारलेल्या फाईलचे उत्तर स्वतःच लक्षात ठेवते. ताजे हवे तर क्लिअरस्टॅटकॅश बोलवावे लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण घेतले की हीच नऊ बिटांची नोंद किती कामाची आहे ते दिसते. मला आवडणारे उदाहरण ओपनएसएसएचचे आहे. तुमची खाजगी किल्ली ज्या फाईलमध्ये आहे ती ६४४ असली, तर एसएसएच ती वापरायला नकार देते आणि मोठ्या अक्षरांत इशारा छापते. वापरणारा वैतागतो: फाईल माझी, वाचता येते आहे, मग अडचण काय? पण एसएसएचने पहिला प्रश्न विचारलेलाच नाही. त्याने फाईल आधीच उघडली आहे. मग त्या उघड्या फाईलच्याच हँडलवर एफस्टॅट केले, म्हणजे मध्ये कोणी नाव बदलून दुसरी फाईल सरकवण्याचा प्रश्न उरत नाही. फाईलचा मालक तुम्हीच आहात का ते पाहिले. आणि मग एकच गोष्ट तपासली: ०७७शी अँड केल्यावर काही उरते का? म्हणजे गटाच्या आणि इतरांच्या सहा बिटांपैकी एखादा तरी लागलेला आहे का? लागलेला असेल तर ही किल्ली आता खाजगी राहिलेली नाही. दोन-तीन ओळींचा कोड आहे. यातून शिकण्यासारखे बरेच आहे: आधी उघडा, मग उघडलेल्यालाच विचारा, आणि विचारा ते इतरांबद्दल. पोस्टग्रेस आपली डेटा डिरेक्टरी फार उघडी असेल तर सुरूच होत नाही, सुडोही आपल्या नियमांची फाईल कोणालाही लिहिता येण्यासारखी असली तर ती मानत नाही. तिन्हींची जातकुळी एक.

यावर एक रास्त शंका येते. नऊ बिट जुने. आता लिनक्सवरही एसीएल आहेत. कोणी एसीएलने तिसऱ्याच माणसाला वाचण्याची परवानगी दिली असेल तर ०७७च्या तपासणीला ती कशी दिसणार? याचे उत्तर पॉझिक्सच्या एसीएल मसुद्यात आहे. तो मसुदा मानक न होताच १९९८ साली मागे घेतला गेला, तरी लिनक्सने २.६ कर्नलपासून तोच उचलला. त्या रचनेत एसीएल लागली की मोडमधले गटाचे तीन बिट गटाचे राहत नाहीत, ते मास्क होतात. मालक आणि 'इतर' सोडून यादीतल्या कोणालाही जास्तीत जास्त काय मिळू शकते, याची ती वरची मर्यादा. ६४० फाईलवर एका माणसाला वाचण्या-लिहिण्याची नोंद घातली की स्टॅट ६६० दाखवते, जरी गटाला अजूनही फक्त वाचताच येत असले तरी. गटाला काय मिळते याचे हे उत्तर चुकीचे. पण 'आणखी कोणाला तरी उघडी आहे का?' याचे उत्तर अगदी बरोबर. गटाचे बिट शून्य असतील तर यादीतल्या कोणालाच काही मिळत नाही, म्हणून एसएसएचची जुनी तपासणी एसीएल आल्यावरही टिकली. हे योगायोगाने झालेले नाही. जुने प्रोग्राम मोडकडे बघूनच निर्णय घेणार हे त्या मसुद्याच्या कर्त्यांनी जाणून ही मांडणी केली.

विंडोजच्या एसीएलबद्दल, आणि नेटवर्कवरून येणाऱ्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीबद्दल इथे फार लिहीत नाही. त्यांचे जग वेगळे आहे आणि पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा आहे.

हे सगळे आजच का वाचायचे? एक कारण असे की फाईल आता ज्या जागी दिसते तिथेच साठवलेली असते असे नाही. पेनड्राइव्हवरच्या फॅट व्यवस्थेत मालक ही गोष्टच नाही. लिनक्स तो पेनड्राइव्ह जोडताना सगळ्या फाईलींना एकच मालक आणि एकसारखे बिट लावून दाखवते. किल्ली पेनड्राइव्हवर ठेवणाऱ्याला एसएसएचचा नकार येतो आणि कितीही वेळा सीएचमॉड केले तरी फरक पडत नाही, तो यामुळे. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांना सी ड्राइव्हवरच्या फाईली ७७७ दिसतात, त्याचेही मूळ असेच. कंटेनरच्या आतला रूट बाहेर एखादा साधा वापरकर्ता असू शकतो. लिनक्सच्या यूजर नेमस्पेसमध्ये मालकाचा क्रमांक आत एक आणि बाहेर दुसरा असतो. एनएफएसवर रूटला मुद्दाम साधा पाहुणा केलेले असते. प्रत्येक ठिकाणी स्टॅट आकडा देतेच. त्याचा अर्थ मात्र विचारणारा कुठे उभा आहे यावर ठरतो.

दुसरे कारण आपल्या देशातले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने लोकांची माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी टाकली आहे आणि त्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान शाळा, दवाखाना, पतसंस्था यांची माहिती बहुतेक वेळा एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवर असते, आणि 'अपलोड होत नाही' म्हटल्यावर कोणीतरी सांगितलेले ७७७ तिथे वर्षानुवर्षे तसेच राहिलेले असते. असली डिरेक्टरी शोधून काढणारा पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहिता येणे ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. दुसऱ्या टोकाला, पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर अनेक संशोधक एकाच फाईल-व्यवस्थेवर काम करतात. तिथे गटाचे तीन बिट नीट वाचता येणे हा रोजच्या कामाचा भाग आहे. बदलही चालू आहेत: उबुंटूने २०२१च्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी ७५५ऐवजी ७५० करायला सुरुवात केली. इतकी वर्षे शेजाऱ्याला आपल्या घरात डोकावता येत होते, हे कित्येकांना तेव्हाच कळले.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे ते सांगतो. हे कमांडांचे पुस्तक नाही आणि सुरक्षेचा संपूर्ण ग्रंथही नाही. सी आणि पायथॉन या दोन भाषा मुख्य धरल्या आहेत. पीएचपी, जावा आणि गो जिथे वेगळे काही शिकवतात तिथे येतात. प्रत्येक फंक्शनला तीन गोष्टी विचारल्या आहेत: ते कोणाच्या ओळखीने बघते, काय बघतच नाही, आणि उत्तर देता येत नसेल तेव्हा गप्प बसते, खोटे बोलते की नकार देते. शेवटच्या भागात एक छोटे तपासणी-साधन उभे केले आहे. ते डिरेक्टरीच्या झाडातून फिरते, प्रत्येक फाईलपर्यंतची वाट वरपासून तपासते, एसीएल असल्यास मास्क वेगळा दाखवते आणि कोणाकोणाला उघडी आहे ते मराठीत छापते. एसईलिनक्स आणि त्याच वळणाचे अ‍ॅपआर्मर यांचे निर्णय ते सांगू शकत नाही, आणि हे ते स्वतःच्या अहवालात प्रत्येक वेळी लिहिते.

वाचकाला थोडेफार प्रोग्रामिंग येते असे गृहीत धरले आहे. बिटांवरच्या क्रिया ठाऊक नसल्या तरी चालेल, त्या पहिल्या भागात होतील. फक्त एक विनंती. उदाहरणे रूट म्हणून चालवू नका. आपल्या डिस्कवरच्या फाईलबद्दल रूटने अ‍ॅक्सेसला वाचण्या-लिहिण्याचे विचारले की परवानगी ००० असली तरी होकारच येतो. चालवण्यासाठी तेवढा एखादा एक्स बिट लागतो. त्या होकारातून काहीच शिकता येत नाही. यंत्रावर आणखी एक साधे खाते उघडा, आपले आणि ते अशी दोन्ही खाती एका नव्या गटात घाला आणि प्रत्येक उदाहरण दोन्हींकडून चालवून पाहा. गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, कारण आधीपासून चालू असलेल्या सेशनला नवा गट दिसत नाही.